मदत हवी आहे: सासूबाईंना घेऊन इमॅजिका, त्यांचाही दिवस चांगला जावा म्हणून

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्याचे. डिसेंबरात खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं चाललंय. माणसं पाच: आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आई ६९ वर्षांच्या आहेत. मागच्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. सपाटीला अर्धा तास आरामात चालतात, जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी. शिवाय मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळली की हात थरथरतात.

तिकिटांचे दर, सवलती वगैरे मी बघून घेईन. विचारायचंय ते आईंबद्दल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका पार्कला गेलो होतो. तेव्हा गुडघे फारच दुखायचे. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथं," म्हणून त्या झाडाखालच्या बाकावर बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत. मी मधे दोनदा पाणी देऊन गेले, तेवढंच. पाच वाजता परत आलो तर सगळ्यांचे मोबाइल रुमालात बांधून मांडीवर घेतलेले, आणि पिशव्यांचे बंद पायाच्या अंगठ्यात अडकवलेले. डुलकी लागली तर कुणी उचलून नेऊ नये म्हणून. "पोरांना मजा आली ना? झालं तर मग," एवढंच बोलल्या. मला ते अजून सलतंय. यावेळी त्यांना सामान राखत बसवायचं नाही, हे मी ठरवलंय.

तर धक्के न खाता, बसून बघण्यासारखं तिथे काय काय आहे? 'आय फॉर इंडिया'बद्दल ऐकलंय, मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या वर उचलतात आणि देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. पण पाय अधांतरी राहतात म्हणे. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेलं कुणी त्यात बसलंय का?

लेकीला नायट्रोच हवंय. पाच वेळा उलटं करणारं, पायाखाली तळ नसलेलं रोलर कोस्टर! तिची उंची १४५ सेंमी आहे, तिच्या बाबांसोबत जाईल. धाकटा १०६ सेंमी, आणि पक्का डायनोसॉरवेडा. राजासॉरसची हाडं गुजरातेत मिळाली आणि त्याला २००३ मध्ये नाव दिलं, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. तिथल्या राजासॉरसच्या पाण्यातल्या राइडला त्याची उंची कमी पडली तर रडारड होणार, तेव्हा आधीच कळलं तर बरं.

शेवटचं, आईंना महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर करायचाय. खरं तर त्यासाठीच त्या तयार झाल्यात. पार्क आणि दोन्ही गणपती एका दिवसात बसतील का?

प्रतिसाद: पनवेलकर

ताई, आईवडिलांना घेऊन मी तीनदा गेलोय. एका दिवसात सगळं अजिबात करू नका. पहाटे निघालात तरी पुण्याचा बायपास आणि बोरघाट पार करून पोचेपर्यंत आईंचे पाय आखडलेले असतील. आदल्या दिवशी निघा, वाटेत महड करा, खोपोलीत मुक्काम करा. दुसरा दिवस पूर्ण पार्कला. पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी तसंच पुढे पालीला जाऊन मग घरी. फक्त संकष्टी टाळा, दोन्हीकडे रांग हलत नाही. शनिवार-रविवारही नको.

आय फॉर इंडिया माझ्या आईला सगळ्यात जास्त आवडलं. पाय लोंबकळतात हे खरं, पण हिसके बसत नाहीत. तरी नव्या गुडघ्यांचं तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. मिस्टर इंडियाच्या राइडमध्ये आसनं जोरात हलतात, ती त्यांना नको. अलिबाबामध्ये गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा असतो, आजी-नातू एकत्र बसू शकतील. सलीमगडात अंधार आणि भुतं आहेत, धाकट्याला नेऊ नका.

नायट्रो फाटक उघडल्याबरोबर उरका, दुपारी रांग वाढते. उंची मात्र राइडच्या तोंडाशी पट्टीवर मोजतात आणि एक सेंटिमीटरचीही सूट देत नाहीत. म्हणून निघायच्या आधी पार्कच्या हेल्पलाइनला फोन करून प्रत्येक राइडची अट लिहून घ्या, आणि मुलाला घरीच सांगून ठेवा. व्हीलचेअरचंही त्याच फोनवर ठरवा. आई चालत्या असल्या तरी घ्या, दुपारनंतर लागेल.

वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, त्या दिवशी त्याच्या फंदात पडू नका.

आणि सामानासाठी लॉकर भाड्याने घ्या. पैसे जातील, पण बाकावर कुणाला बसायला नको.

प्रतिसाद: मूळ लेखिका

दादा, मनापासून आभार. लॉकरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! तीन दिवसांचं ह्यांना आत्ताच सांगितलं, रजा मिळतेय. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत ना? आईंच्या औषधांबरोबर निदान दोन दशम्या चालतील का, डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर? आणि फाटकावरच्या तपासणीत गुडघ्यातल्या धातूमुळे मशीन वाजेल, त्याला ऑपरेशनचं कार्ड दाखवलं की पुरतं का? त्या अनोळखी लोकांसमोर फार संकोचतात, म्हणून विचारतेय. कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.