खांद्यावर लाल पट्टा असलेला पोपट कोणता?

प्रश्न: पुणे विद्यापीठाच्या आवारात नेहमीच्या पोपटांच्या थव्यात एक बराच मोठा, खांद्यावर गडद लाल पट्टा असलेला पोपट दिसला. ही वेगळी जात आहे का, आणि दोघांची संवर्धन-स्थिती सारखीच आहे का?

उत्तर: तो पहाडी पोपट होय. त्याची लांबी सुमारे ५८ सें.मी. असते, तर साध्या पोपटाची ४० च्या आसपास. शिवाय पहाडी पोपटाची चोच भक्कम व आवाज अधिक खर्जातला असतो. खांद्यावरचा पट्टा नर-मादी दोघांनाही असतो, त्यामुळे ओळखीसाठी गळ्यातल्या कंठापेक्षा तोच भरवशाचा. आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या लाल यादीत पहाडी पोपट ‘संकटसमीप’ गटात आहे, तर साधा पोपट ‘किमान चिंता’ गटात. हा साधा पठ्ठ्या तर लंडनमध्येही स्थिरावला आहे.

दुसरे उत्तर: फरकाचे मुख्य कारण व्यापार. पहाडी पोपट बोलका म्हणून पिल्ले ढोलीतूनच काढली जातात, आणि मोठ्या ढोलीचे जुने वृक्ष तर घटतच आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या दोन्ही पोपटांना पकडणे वा विकणे गुन्हा आहे, हे पिंजरा घेऊन फिरणाऱ्याला सुनवायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पट्टा दोन्ही बाजूंना स्पष्ट होता, म्हणजे पहाडीच.