एक एकर घरच्या खाण्यासाठी ठेवायचंय, कोणी केलंय का? (कपाशी-केळीवाल्यांनी जरूर सांगा)

यावलची_सूनबाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं यावल तालुक्यात ७ एकर आहे. ४ एकर केळी, ३ एकर कपाशी. मिस्टर आधी चाकणला कंपनीत होते, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरी आलो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं (९ आणि ५), अशी सहा माणसं. येताना डोक्यात होतं की आता घरचं धान्य, घरचं दूध, ताजी भाजी, मुलं मातीत खेळतील वगैरे. मुलं मातीत खेळतात, ते एक झालं. बाकी खरं सांगू का, चाकणला राहात होतो तेव्हा जेवढं विकत आणायचो त्यापेक्षा जास्त इथे आणतो. ज्वारी विकत, गहू विकत, तूरडाळ, शेंगदाणे, तेल सगळं किराणा दुकानातून. कोथिंबीरसुद्धा आठवडी बाजारातून! केळी म्हणाल तर ती कच्चीच ट्रकात चढतात, घरात दोन घड टांगले तर टांगले.

हसाल तुम्ही, पण डिसेंबरात आत्तेसासूबाई पुण्याहून आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, तुमच्या वावरातली भाजी पिशवीभर दे गं, पुण्यात कुठे अशी मिळते. मी आणि मिस्टर गुपचूप बाजारात जाऊन वांगी, मेथी, पालक घेऊन आलो आणि मेथीच्या मुळांना थोडी माती होती ती तशीच राहू दिली. त्या खुश होऊन गेल्या. मला मात्र रात्रभर झोप नाही.

आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की कपाशीची तयारी सुरू होईल. मला त्यातलं एक एकर घरच्या खाण्यासाठी मागून घ्यायचंय. आबा (सासरे) म्हणतात एका एकराचा कापूस गेला तर सोसायटीचं कर्ज काय भाकरी दाखवून फेडायचं का? सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या की आम्ही नवी नवरी होतो तेव्हा उडीद निघाला की त्याच रानात दादर (रब्बी ज्वारी) पेरायचे. तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय.

काय पेरू, किती पेरू, शेजारच्या कपाशीवरचं औषध उडून येतं त्याचं काय करू, मजूर मिळतात का? तात्त्विक काही नको प्लीज, ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

गिरणाथडी

ताई, आम्ही चार वर्षं झाली करतोय, भडगावकडे. सासूबाईंनी अर्धं उत्तर दिलंच आहे तुम्हाला. उडीद-मूग ७०-७५ दिवसांत मोकळा होतो, जूनच्या शेवटी पेरला तर सप्टेंबरच्या सुरुवातीला रान रिकामं, मग एक वखराची पाळी आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर दरम्यान दादर. तुमच्या तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत दादर नुसत्या ओलीवर येते, पाणी द्यायची गरज पडत नाही, मिळालं तर एखादं द्या. बियाणं एकरी ४ किलो बस होतं. मालदांडी आहेच, भारी जमिनीला राहुरी विद्यापीठाची फुले वसुधा पण चांगली. आणि उडदाच्या मुळ्यांनी जमिनीला जे मिळतं ते दादरला आयतंच.

आता हिशोब, कारण आबांना हिशोबच लागेल. सहा माणसं त्यात दोन लहान, म्हणजे दिवसाला दीड किलो पीठ धरा, वर्षाला साडेपाच क्विंटल. अर्धी ज्वारी, अर्धा गहू धरला तर ज्वारी ३ क्विंटल लागते. आम्हाला कोरडवाहू दादर एकरी ६ च्या आसपास पडते, म्हणजे २० गुंठे झाले. गहू पाण्यावर घेणार तर १० गुंठ्यात वर्षाचा निघून पाहुण्यांना पण पुरतो. तेलाचं म्हणाल तर महिना ३ लिटर, वर्षाचे ३६, त्याला साधारण ९० किलो दाणे म्हणजे सव्वा-दीड क्विंटल शेंगा, तेही १० गुंठ्यात बसतं, फक्त रानडुकरांना भुईमूग तुमच्यापेक्षा जास्त आवडतो हे लक्षात ठेवा. भुईमूग निघाला की त्याच जागी गहू, म्हणजे जागा एकच लागते. तुरीला वेगळी जागा देऊच नका, कपाशीत दर आठ ओळींनंतर एक ओळ तुरीची टाका, सहा माणसांची डाळ त्यातच निघते. कपाशीची फवारणी तुरीवर पण उडते हे खरं, पण शेंगा धरतात तोपर्यंत कपाशीची बरीच फवारणी उरकलेली असते.

म्हणजे खरं पाहिलं तर एक एकर पण लागत नाही, ३० गुंठे पुरतात, उरलेल्या १० गुंठ्यात भाजी, लसूण, मिरची, थोडी तीळ.

आणि कापसाचं उत्पन्न गेलं म्हणतात ते पूर्ण जात नाही हो. आमच्याकडे गेल्या साली एकरी ६ क्विंटल झाला, वेचणीलाच किलोमागे १० रुपये गेले म्हणजे ६ हजार तिथेच संपले, मग दोन पाकिटं बियाणं, खतं, चार-पाच फवारण्या, निंदणी. हातात १२-१३ हजार राहिले असतील. त्या ३० गुंठ्याचं धान्य, तेल, डाळ दुकानातून आणायला गेलो तर याच्या दुपटीने लागतात. आबांना हे कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगू नका. म्हातारी माणसं कागदाला मान देतात.

भरीत_लव्हर

बाकी काहीही पेरा, वांग्याची २० रोपं लावाच लावा. बामणोदची भरीताची वांगी, ती हिरवी-पांढरी मोठी, आणि कपाशी उपटली की त्याच काड्यांवर भाजायची. गॅसवर भाजलेलं भरीत म्हणजे भरीताचा फोटो. चंपाषष्ठी झाली की कळवा, पत्ता पाठवा 😄

शिंदखेडा_माहेर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. सगळे पेरायचं सांगतायत, पेरणं तर ट्रॅक्टर करतं अर्ध्या तासात. पुढचं कोण करणार?

माझ्या आईने आयुष्यभर घरचंच खाऊ घातलं आम्हाला. उडीद काढायच्या टायमालाच नेमकी पावसाची झड लागायची, शेंगांना जागेवर मोड यायचे, मग ओल्या शेंगा तोडून ओसरीवर, खाटेखाली, जिथे जागा मिळेल तिथे पसरायच्या. तूर भिजवा, तेल चोळा, वाळवा, जात्यावर भरडा. एप्रिल-मेमध्ये ४४ डिग्रीत गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, उडदाचे पापड. बिबड्यांची ज्वारी तीन-तीन दिवस भिजत घालायची, त्याचा वास अजून नाकात आहे. आंबलेला पण चांगला वास. आम्ही कच्चे बिबडे शेंगदाण्यासोबत खायचो, काय चव होती! पण आईची कंबर पन्नाशीत गेली ती गेलीच, आणि "घरचं खातो आम्ही" असं चार लोकांत सांगायचे ते वडील.

तर ताई, जरूर करा, पण आधी घरात बसून ठरवा की निंदायला कोण जाणार, भाजी तोडायला कोण, धान्याला ऊन दाखवायला कोण. मिस्टरांनी नोकरी सोडली ना शेतीसाठी, मग त्यांना म्हणावं घरचं एकर तुमचं, कपाशी बघायला सालदार (वर्षभराचा गडी) असेलच. नाहीतर आधीच चूल, गोठा, मुलांचा अभ्यास, त्यात हे एक एकर तुमच्याच डोक्यावर येऊन बसेल आणि तिसऱ्या वर्षी परत कपाशी लागेल. आमच्या वहिनीचं अगदी असंच झालं.

गिरणाथडी

ताईंचं म्हणणं १००% खरं आहे. आमच्याकडे मी स्वतः निंदतो (बायकोने वाचलं तर म्हणेल कधी, म्हणून लिहितो, कधीकधी निंदतो). डाळीचं मात्र आता सोपं झालंय, गावोगाव छोट्या डाळ मिल आहेत, तूर नेऊन द्यायची, डाळ घेऊन यायची. पीठ पण गिरणीतच. पापडाला इलाज नाही.

तापीकाठचा_आण्णा

सूनबाई, तुमना सवाल भारी शे. बाकी मराठीतच लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

वय ६६. ज्या काळाचं तुमच्या सासूबाई सांगतात तो आम्ही पाहिला. तुम्हाला कोणी सांगितलं नाही ते सांगतो. ज्वारी एकट्याने पेरू नका! मी तीन साल आधी हौसेने अर्धा एकर दादर पेरली, आजूबाजूला सगळी केळी आणि कपाशी. कणसं चिकात आली आणि सगळ्या शिवारातली पाखरं माझ्याच वावरात. पूर्वी पन्नास वावरांत ज्वारी असायची, पाखरं वाटून खायची, कोणाला जाणवायचं नाही. मला सव्वा क्विंटल झाली, बाकी त्यांनी नेली. गोफण घेऊन मचाणावर बसलो पंधरा दिवस, नातू व्हिडिओ काढत होता. मळणीचं तसंच, मशीनवाला म्हणतो अर्ध्या एकराला येत नाही, डिझेल पण सुटत नाही.

दुसऱ्या साली मी शेजारच्या दोघांना पकडलं. तिघांनी मिळून बांधाला बांध लागून अडीच एकर पेरली, एकाच आठवड्यात. मशीन आलं, पाखरांनी खाल्लं ते तिघांत वाटलं गेलं. म्हणून आबांच्या आधी शेजाऱ्याला विचारा. त्याच्या घरी पण सूनबाई असेल, तिने पण बाजारातली मेथी पाहुण्यांना दिली असेल.

फवारणीचं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून घरचा तुकडा तुमच्या वावराच्या पश्चिम अंगाला धरा, म्हणजे तुमच्या कपाशीचं औषध उडालं तरी पलीकडे जाईल. पश्चिमेला शेजाऱ्याची कपाशी असेल तर बांधालगत मक्याच्या चार ओळी दाट पेरा, आणि त्याच्याशी बोलून ठेवा की तणनाशक मारायचं असेल तर वारा पडल्यावर, सकाळी लवकर. वांग्याला तणनाशकाचा वास जरी लागला तरी पानं आकसतात.

आणि त्या एका एकरात तणनाशक मारूच नका. का सांगतो, पहिल्या पावसानंतर न पेरलेली भाजीच जास्त येईल. घोळ, तांदुळजा, पोकळा, बांधावर करटुली. आमच्याकडे पंधरा वर्षं घोळ दिसली नव्हती, दोन साल फवारा बंद ठेवला तर आपोआप आली, कुठे लपून बसली होती देव जाणे. बायकोने लसूण-मिरची घालून केली आणि स्वतःच कढईतली अर्धी खाल्ली.

ज्वारीचा कडबा विसरलात सगळे. एक गाय नाहीतर म्हैस असेल तर दादरचा कडबा म्हणजे तिचा सणच. मग दूध घरचं, शेण घरचं. एवढं बोलून थांबतो, गुडघे दुखतात.

कोथरूडचा_खान्देशी

खूप छान धागा. आम्हा शहरातल्यांसाठी पण थोडं पिकवा ना, ऑरगॅनिक ज्वारी १२० रुपये किलोने पण घ्यायला तयार आहोत. ब्रँड बनवा, पॅकिंग करा, स्टोरी आहे तुमच्याकडे.

शिंदखेडा_माहेर

दादा, त्या अजून स्वतःच्या ताटापर्यंत पोचल्या नाहीत आणि तुम्ही पॅकिंगला लागलात 🙏

कोथरूडचा_खान्देशी

बरं बाबा, गप्प बसतो. पण आई भाकरी करायची त्या दादरची चव इथे मिळत नाही, म्हणून बोललो. इथली भाकरी सकाळची दुपारी चामडं होते.

यावलची_सूनबाई

बापरे एवढी उत्तरं! सगळ्यांचे मनापासून आभार, आण्णा तुमचे विशेष.

अपडेट देते. गिरणाथडी दादांचा हिशोब वहीत उतरवून आबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, एक चूक पण काढली (कडबा धरला नाही म्हणाले, तेच आण्णांनी लिहिलंय!). मग म्हणाले एक एकर नाही, ३० गुंठे घ्या, आणि विहिरीजवळचा तुकडा नको, तो केळीचा. पश्चिमेचाच तुकडा दिला, त्यांना वाऱ्याचं माहीत होतं बहुतेक, बोलले नाहीत एवढंच. भाजीला जागा उरत नाही म्हणून गहू या साली कमी करू आणि बांधावर शेवगा लावू, वाल, घोसाळी चढवू.

शिंदखेडा ताई, तुमचा मेसेज मिस्टरांना जसाच्या तसा वाचून दाखवला. जरा वेळ शांत होते. मग म्हणाले निंदणी आणि मळणी माझी, पापड तुम्ही बघा. पापड अजून चर्चेत आहेत. शेजारच्या काकूंना पण विचारलं, त्या म्हणाल्या आमच्या ह्यांना तुमच्या आबांनी विचारलं तर हो म्हणतील. म्हणजे आता आबांनाच पाठवावं लागणार.

आणि एक गंमत. सासूबाईंनी काल माळ्यावरून जुनी पत्र्याची कोठी काढायला लावली. घासून उन्हात ठेवलीय. अजून पेरणीला दीड महिना आहे!

शेवटचा प्रश्न, कळण्याचं (भाकरीच्या ज्वारी-उडदाच्या पिठाचं) प्रमाण काय घेता? सासूबाई म्हणतात अंदाजाने, आणि त्यांचा अंदाज मला जमत नाही.

तापीकाठचा_आण्णा

बायकोला विचारून लिहितो. ४ किलो दादरला १ किलो उडीद, सालासकट अख्खा, डाळ नको. मूठभर मेथीदाणे आणि खडेमीठ दळतानाच टाकायचं. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळा, पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकर कडेने फाटते. नवीन बाईला कळण्याची भाकर सोपी जाते असं ती म्हणते, उडदाच्या चिकटपणाने थापताना तुटत नाही. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चं तेल आणि कांदा फोडून.

ती असंही म्हणते की कोठीत धान्य भरायच्या आधी कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून ठेवा, ओला घातला तर बुरशी लागते. आणि दाणा दाताखाली कट वाजला तरच भरा.

भरीत_लव्हर

वांग्याचं कोणी काही बोललं नाही. २० रोपं. पश्चिमेच्या तुकड्यात. मी आठवण करून देत राहणार.