सी-मधलं गोटू: सरसकट बंदी का नको

धागा
सी भाषेतलं गोटू म्हणजे त्याच फंक्शनमधल्या नाव दिलेल्या जागेवर (लेबलावर) थेट उडी. 'गोटू दिसलं की कोड नापास' हा नियम सी-साठी चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. फंक्शनमध्ये आधी फाइल उघडली, मग बफरसाठी मॅलॉक (मेमरी मागणं), मग सॉकेट (नेटवर्क जोडणी). सॉकेट फसलं तर बफर मोकळा करून फाइल बंद करायची. मॅलॉक फसलं तर फक्त फाइल. गोटू टाळलं की एकतर इफच्या पोटात इफ, नाहीतर प्रत्येक रिटर्नपाशी तीच साफसफाई पुन्हा. चौथा रिसोर्स आला आणि एक जागा बदलायची राहिली, की लीक: घेतलेलं परत होतच नाही. त्यापेक्षा शेवटी लेबलं लावावीत, मिळवल्याच्या उलट्या क्रमाने. लिनक्स कर्नलची कोडिंग स्टाइलही हेच सुचवते.

प्रतिसाद १
हा उलटा क्रम सांभाळणार कोण? कंपायलर तर नाही. २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या टीएलएस (सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या) कोडमधली चूक उघड झाली: 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. इफला महिरपी कंस नव्हते, म्हणून दुसरी ओळ अटीविना चालायची. सहीची तपासणी राहून जायची, आणि एरर या व्हेरिएबलमध्ये शून्यच (म्हणजे 'चूक नाही') असल्याने निकाल 'यशस्वी' यायचा.

धागाकर्ता
दोष कंस नसण्याचा आहे. तिथे 'रिटर्न एरर' दोनदा पडलं असतं तरी हेच झालं असतं. कंस सक्तीचे करा. जीसीसी या सी कंपायलरच्या आवृत्ती ६ पासून वॉल (-Wall) या इशाऱ्यांच्या पर्यायात फसव्या इंडेंटेशनचा इशाराही मिळतो.

प्रतिसाद २
संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रांचं गोटूविरोधी १९६८ चं पत्र सगळे पुढे करतात, पण त्यांचा मुद्दा असा होता की बेलगाम उड्यांमुळे मजकूर वाचून प्रोग्रॅम कुठवर आलाय हे कळत नाही. खाली, त्याच फंक्शनच्या शेवटाकडे मारलेल्या उडीत ते कळतं. मागे उडी मात्र नकोच. तिथे लूप लिहा. लेबलाचं नाव कामावरून ठेवा, 'एरर१, एरर२' नको: मधे पायरी घातली की आकडे हलतात. सगळ्यांसाठी एकच लेबल ठेवायचं तर पॉइंटर (मेमरीचा पत्ता ठेवणारे) सुरुवातीलाच नल (रिकामे) करा. मेमरी परत करणाऱ्या फ्रीला नल चालतो, पण नल स्ट्रक्चरच्या आतलं फील्ड फ्री करायला गेलात की क्रॅश.

आणखी एक, हमखास होणारी चूक. फंक्शन बफर बाहेर देणार असेल, तर यशाच्या वाटेवर लेबलांआधी रिटर्न हवाच. तो विसरला की अंमल घसरत लेबलात शिरतो आणि कॉलरच्या (फंक्शन बोलावणाऱ्या कोडच्या) हाती आधीच फ्री झालेला पॉइंटर पडतो.

प्रतिसाद १
ही शेवटची चूक तर माझ्याच बाजूची साक्ष! फंक्शनचे दोन भाग करा: बाहेरचं रिसोर्स घेतं आणि सोडतं, आतलं काम करून हवं तिथे रिटर्न करतं. शिवाय जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमध्ये व्हेरिएबलला लावायचं क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूट आहे. व्हेरिएबलचा स्कोप (ज्या कंसांत ते जगतं तो भाग) संपला की साफसफाई आपोआप होते.

धागाकर्ता
अ‍ॅट्रिब्यूट प्रमाण सी-मध्ये नाही, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ते घेत नाही. बफर बाहेर द्यायचा असेल तर तिथेही रिटर्नआधी पॉइंटर नल करावाच लागतो. दोन फंक्शनांची वाट एका रिसोर्सला छान. तीन असले की तीन थर होतात, आणि तिथे मी गोटूच लिहीन.