मॅकेन्झी नदीकाठी बाबांना कुठे नेऊ?

रानभूल:
ऑगस्टमध्ये आईबाबा चंद्रपूरहून येतायत. बाबा वनपाल होते, सागाचे छातीउंचीवरचे घेर मोजण्यात नोकरी गेली. मॉल-बिल नको, 'जुनं झाड दाखव' एवढंच मागणं. आम्ही अमेरिकेत, ओरेगॉनातल्या पोर्टलंडजवळ राहतो. विलामेट नॅशनल फॉरेस्टात एक मुक्काम करायचाय. जो तो ब्लू पूल (मॅकेन्झीचाच निळाशार डोह) सांगतो, पण बाबांचा गुडघा धड नाही. जमेल का?

पावशेर:
ब्लू पूल अजिबात नको. मी सासूबाईंना नेऊन बसलोय. जाऊन-येऊन चारेक मैल, ऐकायला काहीच नाही. पण शेवटी शेवटी पायाखाली नुसता खडबडीत लाव्हा. सासूबाई एका दगडावर बसल्या त्या उठेचनात. 'तुम्ही बघून या, मला फोटो दाखवा.' परतीच्या वाटेवर गाडीत कोणी चकार शब्द काढला नाही.

त्यापेक्षा क्लिअर लेक हे तळं. मॅकेन्झी इथूनच निघते. साधारण ३००० वर्षांपूर्वी लाव्हाने नदी अडली आणि काठचं जंगल उभंच्या उभं बुडालं. पाणी बर्फासारखं, त्यामुळे खोडं कुजली नाहीत. वल्ह्याची होडी भाड्याने घ्या (मोटरबोटीला बंदी आहे, सुटलो!). मधे जाऊन वल्ही थांबवा. पाणी निवळलं की थेट खाली उभं खोड दिसतं, फांद्या झडलेलं, राखाडी. पुढच्या वर्षी सासूबाईंना इथे आणलं, तेव्हा कुठे माफी मिळाली.

जिवंत जुनी झाडं सहाली धबधब्यापाशी, हायवे १२६ला लागूनच. गुडघ्याला त्रास नाही.

चिंचोका:
तिथली बरीच झाडं डग्लस फर. बाबांना खाली पडलेलं बोंड हातात द्या. प्रत्येक खवल्याखालून उंदराचे मागचे पाय आणि शेपटी डोकावतेय असं वाटतं. आणि नाव फर असलं तरी तो खरा फर नाही, यावर ते खूश होतील.

एक कुरकुर: १९८८ला मॅकेन्झीच्या वरच्या काही मैलांना 'वाइल्ड अँड सीनिक'चा (मोकळ्या वाहत्या नद्या राखायचा सरकारी) दर्जा मिळाला खरा, पण कार्मेनचं धरण त्याच्या आधीचं, ते आहेच मधे. बाबा विचारतील, तयारी ठेवा.

पावशेर:
आणि ऑगस्ट म्हणजे वणवे. २०२०मध्ये खाली ब्लू रिव्हर गाव जळालं होतं. आदल्या दिवशी धूर आणि रस्ता, दोन्ही बघून निघा.

रानभूल:
क्लिअर लेक ठरलं. बाबा विचारतायत, टेप पाच मीटरची चालेल का?

पावशेर:
तोकडी पडेल. दहाची आणायला सांगा.