सरचूला मुक्काम नकोच
मनालीहून बाईकने लेहला जाताना पहिलीच रात्र वाटेतल्या सरचूला काढायचा तुमचा प्लॅन वाचला आणि राहवलं नाही. अटल टनेल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड चढायची गरज उरली नाही, दुपारपर्यंत केलाँग येतं आणि वाटतं चला अजून थोडं पुढे जाऊ, पण मनाली २००० मीटरच्या आसपास आणि सरचू जवळजवळ ४३००, एका दिवसात एवढी उंची अंगावर येते हो. आमच्यातला एकजण तिथल्या तंबूत रात्रभर डोकं धरून बसला होता, उलट्या, झोप नाही, सकाळी क्लच दाबायचीही ताकद नव्हती.

त्यापेक्षा केलाँगच्या थोडं पुढे जिस्पाला थांबा. नदीकाठ आहे, उंची ३२०० च्या आसपास, शांत झोप लागते. पेट्रोलची टाकी केलाँगच्या आधी तांडीलाच फुल्ल करा. पहाटे पाचला निघालात तर बारालाचा खिंडीच्या अलीकडचे नाले पाणी कमी असताना पार होतात, दुपारी ऊन तापून वर बर्फ वितळलं की तेच नाले बाईक ओढून नेतील असे वाहतात. मग गाटा लूप्सची ती २१ वळणं, काय सुंदर आहेत, घाई करू नका तिथे. पुढची तांगलांग ला खिंड ५३०० मीटरच्या वर आहे, फोटो काढा आणि लगेच उतरा. डोकं दुखायचं वाढत गेलं तर मात्र खालीच यायचं, पुढे रेटायचं नाही.

सुट्टी जास्त असेल तर श्रीनगर-कारगिलमार्गे लेहला चढा आणि मनालीकडून उतरा, उंची हळूहळू वाढते.