हात कापत असताना शिवणकाम आणि गोधडी: तुमचे अनुभव

गेली दोन वर्षं माझा उजवा हात कापतो. स्वस्थ बसले की काही नसतं. सुई उचलून दोऱ्याचं टोक नेढ्याजवळ नेलं की थरथर सुरू. डॉक्टरांनी कागदावर वेटोळं काढायला लावलं, हात पुढे धरून पाहिले, थायरॉइडची तपासणी केली आणि ‘इसेन्शियल ट्रेमर’ असं निदान केलं. कंपवात वेगळा. त्यात बहुधा हात निवांत असताना थरथरतो, यात काम करताना. माझ्या आईचेही हात असेच कापायचे, आणि हा त्रास बऱ्याचदा घराण्यात चालत येतो.

औषधाचं ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मला ऐकायचंय ते शिवण्याबद्दल. काय जमतं, काय सोडावं लागलं, कुठली युक्ती सापडली? गोधडी, मशीन, साधं बटण, काहीही चालेल.

सुरुवात मी करते. सगळ्यात आधी अडलं ते दोरा ओवणं. सुई एका हातात नि दोरा दुसऱ्या हातात असा अधांतरी धरला की दोन्ही हात आपापले हलतात, मग दोरा नेढ्यात जाणार कसा? आता कोपर टेबलावर टेकवते आणि दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवून धरते. थरथर थांबत नाही, पण हात बरोबरीने हलतात, त्यामुळे सुई आणि दोरा यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. सकाळी हात त्यातल्या त्यात बरा असतो, तेव्हाच दहा सुया ओवून उशीला खोचून ठेवते. नेढ्याला वरून खाच असलेल्या सुयाही आणल्या. दोरा वरून दाबला की आत जातो, पण ओढाताण झाली तर निसटतोही. बारीक कामाला चालतात, जाड गोधडीला नाही.

* * *

मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. कंपवाताला आता सहा वर्षं झाली. लोकांना थरथर दिसते, पण माझी खरी अडचण ती नव्हे. हात कामाला लागला की कंप उलट कमी होतो. अडचण आहे मंदपणाची आणि टाके बारीक होत जाण्याची. अक्षर जसं ओळीच्या शेवटी बारीक होतं, तसाच धावदोरा. सुरुवातीचा टाका गव्हाएवढा, वीतभर पुढे गेलो की मोहरीएवढा. म्हणून आता शिवायच्या आधी खडूने रेघ मारतो आणि रेघेवर सारख्या अंतरावर ठिपके देतो. प्रत्येक ठिपक्यावर सुई वर आली पाहिजे, एवढंच ध्यानात ठेवतो. समोर खूण असली की हात ऐकतो.

दुसरं म्हणजे गोळीची वेळ. गोळी अंगी लागली की जो वेळ मिळतो तो कापड कापायला आणि टाके घालायला. असर उतरू लागला की नुसते तुकडे रंगाप्रमाणे मांडत बसतो. त्या वेळी कात्रीला हात लावत नाही.

* * *

टाचण्या सोडल्या. त्याऐवजी कापडाचे चिमटे वापरते. पडले तरी पायाला टोचत नाहीत, आणि चिमूट नीट जमली नाही तरी लागतात.

* * *

कापड कापताना जपा, हे कळकळीने लिहितो. चाकाच्या कटरने तुकडे कापताना पट्टी सरकली आणि डाव्या अंगठ्याला चार टाके पडले. नंतर पट्टीवर हवेने चिकटणारी मूठ बसवली, पट्टी धरणाऱ्या हातात न कापला जाणारा हातमोजा घातला, प्रत्येक कापानंतर पातं झाकायची सवय लावली. महिनाभराने कटर मुलीकडेच दिला. आता मोठी कात्री. तिचं खालचं पातं टेबलावरून न उचलता पुढे सरकवायचं. वेळ दुप्पट लागतो, पण काप सरळ येतो.

* * *

माझा हात दम्याच्या औषधाने कापतो. साल्ब्युटामॉलचा पंप घेतल्यावर काही वेळ सुई धरवत नाही. कारण कळलं तेव्हा मनावरचं ओझं उतरलं. ज्यांची थरथर नव्याने सुरू झाली असेल त्यांनी चालू औषधांची यादी डॉक्टरांना जरूर दाखवावी. कॉफीनेही माझी वाढते.

* * *

मी सगळी गोधडी मशीनवर नेली. मशीनचा वेग कमीत कमी ठेवते, म्हणजे पाय जोरात दाबला गेला तरी ती धावत सुटत नाही. थांबल्यावर सुई कापडातच खाली राहील अशी सोय आहे, त्यामुळे हात उचलला तरी कापड हलत नाही. मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल लावलंय, गोधडीचं ओझं त्यावर पडतं. तळवे पसरून, रबरी बोटांचे मोजे घालून कापडावर ठेवते. तळवा आणि कोपर दोन्ही टेकलेले असले की थरथर टाक्यापर्यंत फार कमी पोचते. वेलबुट्टीची फिरती नक्षी मात्र सोडावी लागली. ते फार लागलं मनाला, मला तीच सगळ्यात आवडायची. आता सरळ रेघा घालते.

* * *

मनगटाला वजनाची पट्टी बांधून पाहिली. अर्धा तास हात शांत, मग खांदा भरून आला. सगळ्यांना मानवेलच असं नाही.

* * *

मला त्रास होतो तो कुणी बघत असलं की. एकटी असताना बटण लागतं, शेजारी कुणी बसलं की नेढंही दिसेनासं होतं. आमच्या शिवणाच्या मंडळात एकीने माझे टाके न विचारता उसवून नीट घालून दिले. हेतू चांगला असेल, पण त्या रात्री मी रडले. पुढच्या गोधडीला मुद्दाम जाड दोरा घेतला, लांब सुई घेतली आणि मोठे टाके घातले. जाड दोऱ्यात कमीजास्त टाका खटकत नाही, आणि लांब सुई बोटांना नीट सापडते. ती गोधडी नातवाला दिली. रोज तीच ओढून झोपतो.

* * *

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. खडूचे ठिपके आज करून पाहिले. माझा आजार निराळा असूनही सुई कुठे काढायची ते शोधावं लागलं नाही, आणि गोधडीची एक कड पुरी झाली. तीन राहिल्यात. कोपराखाली कुणी उशी घेत असाल तर ती किती उंच ठेवता ते लिहा, माझा खांदा टेबलाच्या कडेने आखडतो.