गब्बर मरतो ती ‘शोले’ची प्रत, तो वाचतो त्या प्रतीपेक्षा आखूड कशी?

गोदाकाठ (प्रश्न)

सस्नेह नमस्कार. इंदिरानगरातील आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण जुना चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतो. पुढच्या वेळी ‘शोले’ लावायचा ठरला आणि प्रत निवडण्याचे काम माझ्याकडे आले. ते सोपे असेल असे वाटले होते, पण तसे झाले नाही.

माझ्याकडे तीन प्रती आहेत. पहिली, मामेभावाने नव्वदच्या दशकात लंडनहून आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलेली. दुसरी, मेन रोडवरच्या दुकानातून घेतलेली डीव्हीडी. तिसरी, दोन तबकड्यांची व्हीसीडी, जिच्या वेष्टनावर ‘संपूर्ण चित्रपट’ असे ठसठशीत छापलेले आहे.

कॅसेटमध्ये शेवटी ठाकूर गब्बरला ठार मारतो, तर डीव्हीडीत ऐन वेळी पोलीस येऊन त्याला थांबवतात. सेन्सॉरने शेवट बदलायला लावला होता हे मला ठाऊक होते, त्यामुळे त्याचे नवल वाटले नाही. माझा घोळ झाला आहे तो लांबीचा. मूळ प्रत २०४ मिनिटांची आणि चित्रपटगृहांतली १९८ मिनिटांची, असे सगळीकडे वाचायला मिळते. प्रत्यक्षात घड्याळ लावून पाहिले तेव्हा कॅसेटची प्रत ३ तास १६ मिनिटांतच संपली आणि डीव्हीडी मात्र ३ तास १८ मिनिटे चालली. जिच्यात प्रसंग जास्त, तीच दोन मिनिटांनी आखूड, हे गणित मला सुटत नाही. कॅसेटमधूनही काही गळले आहे का? व्हीसीडीबद्दल तर बोलायलाच नको. ती २ तास ३४ मिनिटांत आटोपते, सूरमा भोपाली तिच्यात औषधालाही नाही आणि होळीचे गाणे मधूनच तुटते.

भरीस भर म्हणून, आमच्यातील एका काकांनी हा चित्रपट नवा असताना नाशिकच्या टॉकीजमध्ये पाहिला होता आणि त्यात एक कव्वाली होती असे ते शपथेवर सांगतात. ती माझ्या एकाही प्रतीत नाही. यांतली खरी प्रत कोणती मानावी?

चौकट

मी काही वर्षे कॉलेज रोडला लग्नाच्या आणि चित्रपटांच्या कॅसेटी तबकडीवर उतरवून देत असे, त्यामुळे हा प्रश्न मला अनेकांनी विचारलेला आहे. आपल्या कॅसेटमधून बहुधा काहीही गळलेले नाही. ती फक्त वेगाने पळते आहे.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चित्रित होतो आणि पडद्यावरही त्याच वेगाने दाखवला जातो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे टीव्हीसाठी जी ‘पाल’ पद्धत (भिंतीवरची नव्हे) होती, ती मात्र सेकंदाला २५ चौकटींची. चित्रपट कॅसेटवर उतरवताना सोपा मार्ग म्हणून २४ ऐवजी २५ चौकटी पळवल्या जात आणि त्यामुळे सबंध चित्रपट चार टक्क्यांनी आखूड होत असे. आता २०४ ला २४ ने गुणून २५ ने भागून पाहा. उत्तर १९५ मिनिटे ५० सेकंद येते, म्हणजे आपले ३ तास १६ मिनिटे. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत हा प्रकार होत नाही, कारण तिथे चित्रपटाचा वेग तसाच ठेवून काही चौकटींचे अंश पुन्हा दाखवले जातात. आपल्याकडचा टीव्ही ‘पाल’चा असला तरी हिंदी चित्रपटांच्या पुष्कळ डीव्हीडी एनटीएससी पद्धतीनेच निघाल्या. आपली डीव्हीडी १९८ मिनिटे पुरेपूर चालते, यावरून ती त्यांपैकीच दिसते.

खात्री करायची असेल तर दोन्ही प्रतींत सारखा असलेला एखादा लांब प्रसंग निवडा. डीव्हीडीवर दहा मिनिटे चालणारा भाग कॅसेटवर ९ मिनिटे ३६ सेकंदांत संपला, तर तो वेगाचा फरक आहे. कात्री लागली असती तर फरक एखाद्याच जागी दिसला असता. वेगाचा फरक सगळीकडे सारखा पसरलेला असतो.

व्हीसीडीचे कारण याहून साधे आणि जास्त चीड आणणारे आहे. एका तबकडीवर ७४ ते ८० मिनिटांचेच चित्र मावते. १९८ मिनिटांसाठी तीन तबकड्या लागतात आणि तिसऱ्या तबकडीचा खर्च वाचवायचा, तर चाळीसएक मिनिटे कुठून तरी काढावीच लागतात. ती काढणारा माणूस संकलक नसे. विनोदी प्रसंग आणि गाणी काढली तरी कथा समजते, एवढाच त्याचा हिशेब.

आणखी एक खूण सांगतो. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते, तिथे चित्र थांबवा. त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते, म्हणून मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागले की मिनिटे मिळतात. १९८ मिनिटांच्या चित्रपटासाठी हा आकडा साधारण ५,४३० च्या आसपास यायला हवा. प्रमाणपत्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोण असेल, तर मंडळाने त्या चित्रपटात काटछाट करायला लावली होती असे समजावे.

काळी_चार

‘चौकट’ यांनी वेगाचे सांगितले, तर मी स्वराचे सांगतो. चित्र वेगाने पळते तेव्हा आवाजही चढतो आणि २४ चे २५ झाल्यावर ही चढण अर्ध्या स्वराच्या साधारण सात दशांश इतकी असते. म्हणून अशा कॅसेटबरोबर पेटी वाजवायला बसलो की हात अडतो. एक पट्टी धरावी तर गाणे चढे वाटते, पुढची काळी धरावी तर उतरे, आणि खरा सूर दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी राहतो. ‘मेहबूबा मेहबूबा’ दोन्ही प्रतींवर पेटीशी लावून पाहा. पाच मिनिटांत निकाल लागेल.

काकांच्या कव्वालीबद्दल सांगायचे तर ‘चाँद सा कोई चेहरा’ ही कव्वाली खरोखरच आहे. किशोर कुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि स्वतः गीतकार आनंद बक्षी यांनी ती गायलेली आहे. ती तबकडीवर आली, पण चित्रपटात आली नाही. त्या काळी ‘शोले’च्या गाण्यांच्या आणि संवादांच्या तबकड्या मांडवामांडवांतून इतक्या वाजत की कानांनी ऐकलेले डोळ्यांनी पाहिल्यासारखे वाटू लागले, तर त्यात काकांचा दोष नाही.

त्र्यंबकरस्ता

लांबीइतकाच महत्त्वाचा असलेला चौकटीचा आकार अजून कोणी बोलून दाखवलेला नाही. ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर दाखवला गेला, पण त्याचे चित्रण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, जवळजवळ चौरस चौकटीत झाले होते. ७० मिलिमीटरची रुंद प्रत तयार करताना त्या चौकटीचा वरचा आणि खालचा भाग सोडून दिला गेला. घरगुती प्रतींमध्ये २०४ मिनिटांची आवृत्ती पूर्ण चौकटीत निघाली आणि १९८ मिनिटांची रुंद चौकटीत. त्यामुळे तुमच्या दोन प्रती शेजारी शेजारी लावल्या, तर कॅसेटमध्ये डोक्यावर आभाळ जास्त आणि पायाखाली जमीन जास्त दिसेल. काळ्या पट्ट्यांमुळे चित्र कापले जाते अशी तक्रार आपले वडीलधारे करत असत. एरवी ती चुकीची ठरते, पण या चित्रपटापुरती बरोबर आहे. असे असले तरी त्या जास्तीच्या आभाळाला मी फारशी किंमत देणार नाही, कारण पडद्यावर जे दिसायचे होते ते रुंद चौकटीचेच होते.

आता खरी प्रत कोणती, याविषयी. आणीबाणी २५ जून १९७५ रोजी जाहीर झाली आणि चित्रपट १५ ऑगस्टला प्रदर्शित झाला. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे त्या काळच्या सेन्सॉरला चालणारे नव्हते, म्हणून पोलीस येतात तो शेवट चित्रित करून जोडावा लागला. दिग्दर्शकाची इच्छा प्रमाण मानली तर कॅसेट खरी. लोकांनी वर्षानुवर्षे जे पाहिले आणि पाठ केले ते प्रमाण मानले तर डीव्हीडी खरी. माझे मत डीव्हीडीच्या बाजूचे आहे. ती आधी पूर्ण दाखवावी, चहा व्हावा आणि मग कॅसेटमधला मूळ शेवट लावावा. उलट क्रमाने दाखवल्यास पोलिसांचे येणे निव्वळ हास्यास्पद वाटते आणि १९७५ च्या प्रेक्षकाला ते तसे वाटले नव्हते. २०२५ साली मूळ शेवटासह नव्याने जतन केलेली प्रत आधी इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात आणि नंतर डिसेंबरमध्ये आपल्या चित्रपटगृहांत दाखवली गेली. तीत रुंद चौकट आणि मूळ शेवट असे दोन्ही एकत्र आहेत, म्हणून माझा वरचा सल्ला फक्त तुमच्या हाताशी असलेल्या प्रतींपुरताच समजावा.

नाशिककरांनी तर अशा घोळाला बिचकण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ घ्या. चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. फाळक्यांनी १९१७ साली हीच कथा पुन्हा चित्रित केली होती आणि संग्रहालयातली ही दोन रिळे त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत असे अभ्यासकांपैकी काहींचे म्हणणे आहे. लांबीचा वादही इथे आहेच. मूळ चित्रपट ३,७०० फुटांचा. आजच्या २४ चौकटींच्या वेगाने त्याची ४१ मिनिटे होतात आणि मूकपटांसाठी रूढ असलेल्या १६ चौकटींच्या वेगाने ६१-६२ मिनिटे. यंत्राची मूठ हाताने फिरवायच्या काळात नेमका वेग कोण सांगणार? हा चित्रपट ४० मिनिटांचा होता असे बेधडक छापणाऱ्यांनी एकदा फूट आणि चौकटी मोजून पाहाव्यात.

जाता जाता एक सूचना. घरगुती तबकडी खासगी पाहण्यासाठीच असते. आठ-दहा मित्र जमले तर गोष्ट वेगळी, पण सूचनाफलकावर जाहिरात लावून सबंध सोसायटीला बोलावणार असाल, तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागेल.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जय-वीरू रामगढला पोहोचतात तिथपासून पुढचा भाग दोन्ही प्रतींवर घड्याळ लावून पाहिला. डीव्हीडीवर दहा मिनिटांचा असलेला तुकडा कॅसेटवर ९ मिनिटे ३५ सेकंदांत संपला. एका सेकंदाचा फरक माझ्या बोटाचा समजावा. पेटी शेजारच्या वहिनींकडे आहे, पण रात्री साडेअकराला ती मागायला जाण्याचे धैर्य झाले नाही.

कॅसेटवर प्रमाणपत्रच नाही, कारण ती परदेशातली. व्हीसीडीवर आहे आणि त्यावरच्या मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागल्यावर तीन तासांहून अधिक वेळ येतो. म्हणजे अख्ख्या चित्रपटाचे प्रमाणपत्र अडीच तासांच्या तुकड्यावर चिकटवलेले आहे. आधी डीव्हीडी आणि चहानंतर मूळ शेवट, हाच क्रम ठरवला आहे. सूचनाफलकावरचा कागद काढून टाकला. काकांना कव्वालीचे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मग तिच्यात कोण नाचलं होतं, ते मला कसं आठवतंय?” यावर कोणाला काही सुचत असल्यास रविवारच्या आत कळवावे.